लाइट घेतलेल्या जागेवरचा निळा डाग

नाशिकरोडच्या आमच्या शेजारच्या काकूंनी परवा फोन माझ्यापुढे धरला. "हे वाच गं. खरं आहे का?" मेसेज नेहमीच्याच थाटाचा होता, लाल उद्गारचिन्हांचा. स्तनाच्या कॅन्सरसाठी लाइट (म्हणजे रेडिएशन) घेतलेल्या बायकांना कातडीच्या कॅन्सरचा धोका ५७ टक्क्यांनी जास्त, अमेरिकेतलं संशोधन, सगळ्या मैत्रिणींना पाठवा. काकूंनी सात वर्षांपूर्वी डाव्या बाजूला पंधरा लाइट घेतलेत. गाठ काढली, लाइट झाले, पाच वर्षं गोळ्या झाल्या, आणि त्यानंतर दवाखान्यात जाणं जवळजवळ थांबलंच.

मेसेज खोटा असता तर सोपं होतं. पण आकडा खरा आहे, संशोधनही खरं आहे. काकूंनी त्याचा अर्थ मात्र असा लावला: शंभरातल्या सत्तावन्न जणींना होतो. त्या रात्री त्या झोपल्या नाहीत.

लाइट म्हणजे देतात तरी काय

आपल्याकडे कुणी 'शेक' म्हणतं, कुणी 'लाइट', कुणी 'करंट'. तिन्ही शब्द फसवे आहेत, कारण यात ना उष्णता असते, ना उजेड, ना वीज. छातीचा फोटो काढताना वापरतात त्याच जातीचे, पण कितीतरी जास्त ताकदीचे क्ष-किरण गाठीच्या जागेवर सोडले जातात. मशीन बंद झालं की किरणही संपले. शरीरात काही साठून राहत नाही, त्यामुळे नातवंडांना मांडीवर घ्यायला कसलीच हरकत नाही. (हा प्रश्न काकूंना तेव्हा विचारायचा होता, पण लाज वाटली म्हणून विचारला नाही. सहा महिने त्या नातीपासून लांब बसल्या.)

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. पूर्वी स्तनासाठी ५० ग्रे, पाच आठवड्यांत २५ वेळा, अशी पद्धत होती. आता बहुतेक ठिकाणी ४० ग्रे, तीन आठवड्यांत १५ वेळा देतात. २०२० साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात तर सुरुवातीच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये एकाच आठवड्यात पाच वेळा देऊनही तेवढाच उपयोग दिसला.

एकदम न देता असे हप्ते का पाडतात, हे समजलं की पुढचं सगळं समजतं.

प्रेसचं तपासणी खातं

काका नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये तपासणी खात्यात होते. त्यांना मी विचारलं, एखादी शीट फाटकी आली तर काय करायचात? ते म्हणाले, "बाजूला काढायची, नोंद करायची, नष्ट करायची. बाहेर जाता कामा नये."

आपल्या पेशींचंही तसंच चालतं. प्रत्येक पेशीत डीएनए नावाची सूचनांची लांबलचक पट्टी असते आणि पेशी दुभंगताना तिची नक्कल छापली जाते. पट्टी दुपदरी असते. एक पदर तुटला तर दुसऱ्यावर बघून दुरुस्त करता येतो. किरणांची खरी मारकता आहे ती दोन्ही पदर एकाच ठिकाणी तोडण्यात. मग मूळ मजकूर बघायला काही उरत नाही, आणि पेशीला टोकं अंदाजाने जोडावी लागतात.

कॅन्सरच्या पेशींचं तपासणी खातं मोडकळीला आलेलं असतं. त्यांना दुरुस्ती जमत नाही, त्या मरतात. निरोगी पेशी आजच्या लाइटनंतर उद्यापर्यंत बरीचशी डागडुजी करून घेतात. हप्ते त्यासाठीच असतात, शनिवार-रविवारची सुट्टीही त्यांच्या पथ्यावर पडते. ज्या निरोगी पेशींना दुरुस्ती जमत नाही त्या बहुधा स्वतःहून मरून जातात. काकांच्या भाषेत, शीट नष्ट.

पण कोट्यवधी पेशींमधली एखादी चुकीचं जोडून घेते आणि तरीही जगते. नोटेचं बरं असतं, चुकीची नोट पुढे नोटा छापत नाही. पेशी छापते.

मग इतकी वर्षं काहीच कसं दिसत नाही?

काकूंचं माहेर पिंपळगावचं, द्राक्षबागेचं. त्यामुळे हा भाग त्यांनाच आधी कळला. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घडाची घडण होते. वरून बघणाऱ्याला फक्त पानं दिसतात. त्या दिवसांत पाणी-खत चुकलं, ढगाळ हवा राहिली, तर तेव्हा काही कळत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डोळे फुटतात आणि मग दिसतं की घडच नाहीत. चूक एप्रिल-मेची, हिशेब दिवाळीचा.

पेशीच्या बाबतीत हा काळ महिन्यांचा नसून वर्षांचा असतो. एका चुकीने कॅन्सर होत नाही. पेशी दुभंगत राहते, एका चुकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी चढते. म्हणून किरणांमुळे होणारे कॅन्सर साधारण पाच ते दहा वर्षांच्या टप्प्यात दिसू लागतात, कधी तीन-चार वर्षांत, तर कधी वीस वर्षांनीही.

वैद्यकशास्त्राला हे नवीन नाही. रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले १८९५ साली. सातच वर्षांनी, १९०२ मध्ये, हँबर्गच्या एका डॉक्टरांनी क्ष-किरणांच्या नळ्यांसोबत काम करणाऱ्या माणसाच्या हातावरचा कातडीचा कॅन्सर नोंदवला. त्या काळी मशीन चालतंय का हे पाहायला माणसं स्वतःचाच हात मध्ये धरायची! एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे काम करता करता दोन्ही हात गमावून १९०४ मध्ये वारले. १९४८ साली न्यू यॉर्कच्या डॉक्टरांनी किरणांमुळे झालेला कॅन्सर ओळखायच्या कसोट्या घातल्या. त्या जागी आधी किरण दिलेले असावेत, नवा कॅन्सर त्याच टापूत असावा, मधे काही वर्षं गेलेली असावीत, आणि तो मूळ कॅन्सरपेक्षा वेगळ्या जातीचा असावा. थोडाफार फरक करून आजही हेच निकष लावतात.

कातडीलाच का?

गाठ आत असते, पण किरणांना आत जायला दार एकच, कातडी. पूर्वीच्या कोबाल्ट मशीनमध्ये किरणांचा सगळ्यात जास्त मारा कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर पडायचा. आताच्या लिनॅक मशीनमध्ये तो साधारण दीड सेंटिमीटरवर पडतो, कातडी थोडी वाचते. मात्र पूर्ण स्तन काढलेला असेल तर छातीची कातडी हेच उपचाराचं लक्ष्य असतं. अशा वेळी काही जणींच्या कातडीवर मेणासारखी जाड चकती ठेवतात, मारा मुद्दाम वर आणण्यासाठी. त्यात चूक काही नाही, मूळ कॅन्सर परत येण्याची भीती तिथेच जास्त असते.

५७ टक्के म्हणजे किती बायका?

हे संशोधन २०२४ चं. २००० ते २०१९ या काळात अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या पावणेनऊ लाखांच्या आसपास रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. लाइट घेतलेल्यांमध्ये स्तनाच्या किंवा धडाच्या कातडीचे काही ठरावीक कॅन्सर, सर्वसामान्य लोकांत जितके अपेक्षित होते त्यापेक्षा ५७ टक्क्यांनी जास्त आढळले.

'पेक्षा' हा शब्द इथे फार महत्त्वाचा आहे. मेसेजमध्ये तो बारीक अक्षरातही नव्हता. समजा एखाद्या गावात हजारातल्या चौघींना एखादा आजार होतो आणि तो ५० टक्क्यांनी वाढला. म्हणजे किती झाल्या? सहा. उरलेल्या नऊशे चौऱ्याण्णव जणींना काही झालं नाही. किलोला चार रुपयांचा कांदा सहा रुपयांवर गेला तर 'भाव ५० टक्क्यांनी कडाडले' असा मथळा येतो, पण शेतकऱ्याच्या हातात वाढलेले दोनच रुपये पडतात. लासलगावच्या बाजाराच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्यातल्या त्यात मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, ३७ टक्क्यांनी जास्त होता. अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर, सुमारे २७ पट. सत्तावीस पट ऐकून छातीत धस्स होतं. पण हा आजार मुळात इतका विरळ की सत्तावीस पटीनंतरही लाइट घेतलेल्या साधारण हजार जणींमध्ये एखादीला होतो.

आणखी एक खोच आहे. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईला डॉक्टर जास्त वेळा तपासतात, म्हणून इतर गोष्टीही जास्त सापडतात. काही घराण्यांमधला जनुकीय दोष स्तनाचा आणि कातडीचा असे दोन्ही धोके वाढवतो. त्यामुळे सगळी वाढ किरणांच्याच माथी मारणं बरोबर नाही. अँजिओसार्कोमाच्या बाबतीत मात्र किरणांचा हात स्पष्ट आहे.

"आपली कातडी सावळी, आपल्याला काय होणार?"

हे मला काकांनी विचारलं, आणि अर्धं बरोबर विचारलं. कातडीतलं रंगद्रव्य उन्हातल्या अतिनील किरणांपासून छत्रीसारखं वाचवतं. म्हणून गोऱ्या लोकांत सर्रास दिसणारे कातडीचे कॅन्सर आपल्याकडे कमी. पण लाइटचे किरण या छत्रीतून आरपार जातात. आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा रंगाशी संबंध काय? काही नाही. उलट सावळ्या कातडीवर लालसर-जांभळा डाग उठून दिसत नाही. लाइटने ती जागा आधीच काळवंडलेली असते, त्यामुळे तो आणखीच लपतो.

"एवढं आहे तर लाइट घ्यावेतच कशाला?"

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण असे मेसेज वाचून कुणी लाइट अर्धवट सोडले तर जीव जाईल तो मूळ कॅन्सरने.

फक्त गाठ काढून स्तन राखलेल्या दहा हजारांहून अधिक बायकांचे, १७ चाचण्यांमधले आकडे २०११ साली एकत्र मांडले गेले. लाइट न घेतलेल्या शंभरातल्या ३५ जणींमध्ये दहा वर्षांत कॅन्सर परतला. घेतलेल्यांमध्ये १९ जणींमध्ये. पंधरा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने दगावण्याचं प्रमाण शंभरात २५ होतं, ते २१ वर आलं. म्हणजे लाइटमुळे शंभरात सुमारे चौघी वाचतात, आणि अँजिओसार्कोमा होतो हजारात एखादीला. तराजू कुठे झुकतो हे दिसतंच आहे.

याला अपवाद आहेत. सत्तरीच्या पुढचं वय, लहान गाठ, हार्मोनच्या गोळ्या लागू पडणाऱ्या असतील, तर काही जणींना लाइट टाळता येतात. पी-५३ नावाच्या जनुकात जन्मजात दोष असलेल्यांना शक्यतो देत नाहीत, कारण त्यांचं तपासणी खातंच जन्मापासून अर्धं बंद असतं. पण हे उपचार ठरवतानाच विचारायचं असतं, सातवा लाइट झाल्यावर मोबाइल बघून ठरवायचं नसतं.

काय दिसलं तर थांबायचं नाही

लाइट घेतलेल्या जागेची कातडी कायमची थोडी वेगळी राहते. रंग गडद होतो, हाताला जाडसर लागते, लाल बारीक दोऱ्यांसारख्या रक्तवाहिन्या दिसतात. यात घाबरण्यासारखं काही नाही. हे बदल एकदा होतात आणि मग वर्षानुवर्षं तसेच राहतात. लक्ष ठेवायचं ते नव्याने आलेल्या आणि वाढत जाणाऱ्या गोष्टीवर.

अँजिओसार्कोमाची सुरुवात बहुतेकदा मुका मार लागल्यासारखी दिसते, निळा, जांभळा किंवा काळपट-लाल डाग. दुखत नाही. कधी एकाचे दोन-तीन होतात, कधी त्यावर फोडासारखी गाठ येते, रक्त येतं. बाईला वाटतं, बाळाचं डोकं लागलं असेल, दळणाचा डबा उचलताना आपटलं असेल. मार लागल्याचा डाग हिरवा-पिवळा होत दोनेक आठवड्यांत जातो. हा जात नाही. दोन आठवडे उलटूनही डाग तसाच असेल, मार लागल्याचं आठवत नसेल, तर दाखवायचा.

लाल, गरम, सुजलेली कातडी असेल तर साहजिकच जंतुसंसर्ग समजून गोळ्या दिल्या जातात. गोळ्यांचा कोर्स संपूनही उतार नसेल तर दुसरा कोर्स मागू नका, तपास मागा. कारण छातीवर नवी पुळी किंवा लाली येण्याचं, अँजिओसार्कोमापेक्षा कितीतरी जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे मूळ कॅन्सरच कातडीत परतणं. शस्त्रक्रियेच्या व्रणाशेजारी येणाऱ्या टणक पुळ्या, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी ही त्याची लक्षणं. दोन्हींतलं कुठलंही असो, दार एकच ठोठावायचं आहे.

ज्यांचा हात वर्षानुवर्षं सुजलेला राहतो त्यांनी हातावरही लक्ष ठेवावं. काखेतल्या गाठी काढल्यानंतर सुजलेल्या हातावर असाच रक्तवाहिन्यांचा कॅन्सर होऊ शकतो, लाइट घेतलेले नसले तरी. तोही विरळच.

महिन्यातून एकदा आंघोळीच्या आधी आरशासमोर बघावं. लाइटचा टापू आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो. बऱ्याचदा गळ्याच्या हाडापर्यंत, काखेत, आणि खाली स्तनाच्या घडीच्याही पलीकडे. घडीतली जागा उचलून बघितल्याशिवाय दिसत नाही, आणि नेमकी तीच कुणी बघत नाही. डाग सापडला तर शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, पंधरा दिवसांनी पुन्हा तसाच. सुनेला, मुलीला सांगायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. नाण्याचा फोटो काढायला दुसरं कुणी लागत नाही.

"मॅमोग्राफी तर नॉर्मल आली"

येऊ शकते. मॅमोग्राफी स्तनाच्या आतल्या गाठींसाठी आहे, कातडीतला हा आजार तिच्यात बऱ्याचदा दिसतच नाही. सुईने पाणी काढून केलेली तपासणीही पुरत नाही. लागतो तो कातडीचा तुकडा, म्हणजे बायोप्सी. पेनाच्या टोपणासारख्या पोकळ पात्याने तीन-चार मिलिमीटरचा गोल काढतात, जागा बधिर करून. एक-दोन टाके, आणि बाई घरी. सिव्हिलच्या किंवा खासगी कातडीच्या डॉक्टरांसाठी ही रोजची गोष्ट आहे.

"तुकडा काढला की पसरतो." हे वाक्य निफाडपासून त्र्यंबकपर्यंत ऐकू येतं. त्याला आधार नाही. ते रुजलं कसं ते कळतं. लोक इतक्या उशिरा जातात की तुकडा काढेपर्यंत आजार पसरलेलाच असतो, आणि दोष त्या टोचणीला मिळतो. अँजिओसार्कोमा हा चिवट आजार आहे, पुन्हा त्याच जागी उगवायची त्याला खोड आहे. लहान असताना, भोवतालच्या बऱ्याच कातडीसकट काढून टाकणं हाच त्यावरचा मुख्य उपाय. डाग जितका मोठा, तितकी ती संधी कमी.

तुकडा तपासायला पाठवताना चिठ्ठीवर एक ओळ लिहिलीच पाहिजे: 'या जागी अमुक साली लाइट दिलेले आहेत.' ती ओळ नसेल तर तपासणाऱ्याला साधा रक्तवाहिन्यांचा फुगवटा वाटू शकतो, कारण लाइटनंतर निरुपद्रवी फुगवटेही येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत कधीकधी साम्य असतं. ओळ वाचली की तो मिक नावाच्या जनुकाची जादा चाचणी लावतो. लाइटमुळे झालेल्या अँजिओसार्कोमात ते जनुक बहुतेकदा वाढलेलं असतं, साध्या फुगवट्यात नसतं.

पाच वर्षांनी फाइल बंद?

माझी खरी तक्रार इथे आहे. आपल्याकडे 'पाच वर्षं झाली, सुटलात' असं म्हणायची रीत आहे. बाई पेढे वाटते, सप्तशृंगीला जाऊन येते, फाइल माळ्यावर जाते. मूळ कॅन्सरच्या दृष्टीने पाच वर्षं हा चांगला टप्पा आहेच. पण लाइटच्या कातडीचा हिशेब साधारण तेव्हाच सुरू होतो. खरड छाटणी झाली, आता बाग बघायला नको, असं म्हणणारा बागायतदार पिंपळगावात तरी सापडणार नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांनी ती जागा उघडून, हात लावून बघावी, आणि हे आयुष्यभर चालू राहावं.

त्या कातडीला गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. तिथली जाणीव बोथट झालेली असते, भाजलेलं कळत नाही. शेतात काम करताना गळ्याखालचा भाग पदराने झाका.

काकूंच्या छातीवर डाग नव्हता. व्रणाशेजारी लाल दोरे होते, सात वर्षांपूर्वीपासूनचे. तरी त्या दाखवून आल्या, डॉक्टर म्हणाले ठीक आहे. मग काकांनी माळ्यावरून फाइल उतरवली. लाइट देणाऱ्या दवाखान्याचा कागद सगळ्यात तळाशी, लग्नपत्रिकांच्या खाली सापडला: डावी बाजू, ४० ग्रे, १५ वेळा, सुरुवात आणि शेवटची तारीख. काकांनी तो जुन्या सवयीने दोन्ही बाजूंनी उजेडात धरून तपासला. त्याचा फोटो आता दोघांच्याही फोनमध्ये आहे, आणि पुण्याच्या सुनेच्याही.